प्रणाली बदलली तीन दिवसांत, अक्षरे बदलायला चार महिने

अंबाजोगाईत न्यायालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे टंकलेखन आणि डीटीपीचे छोटे केंद्र २००३ पासून आहे. तीन संगणक, दोन प्रिंटर, एक झेरॉक्स यंत्र आणि आम्ही दोघे, म्हणजे मी आणि गेली बारा वर्षे माझ्याकडे टंकलेखन करणाऱ्या ताई, एवढाच त्याचा पसारा आहे. प्रतिज्ञापत्रे, वाटणीपत्रे, तहसीलला द्यायचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि लग्नसराईत पत्रिका असे काम चालते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा पीकनुकसानीचे अर्ज लिहून घेण्यासाठी सकाळपासून माणसे बाकड्यावर बसलेली असत. त्याच दिवसांत माझ्या मनात दुसरी एक चिंता होती. आमच्या तिन्ही संगणकांवर असलेल्या विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होती, आणि लोकांचे आधार क्रमांक, गट क्रमांक व बँक खाते क्रमांक ज्या यंत्रांतून दिवसभर जातात ती यंत्रे तशीच उघडी ठेवणे मला पटत नव्हते.

विंडोज ११ चा मार्ग आमच्यासाठी बंद होता. त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचे दोन संगणक चौथ्या पिढीच्या आय-३ चे आणि ४ जीबी रॅमचे, तिसरा त्याहून जुना. संगणक दुरुस्त करणाऱ्याने दोन पर्याय दिले: नवीन यंत्रे घ्यावीत, किंवा तो अटी चुकवून नवी प्रणाली जुन्याच यंत्रांत ‘बसवून देईल’. दुसरा पर्याय ऐकताना मला जाणवले की इतकी वर्षे आमच्याकडे जे ‘फॉरमॅट मारून’ दिले जात होते, तेही परवाना न घेतलेलेच होते. दिवसातून दहा वेळा ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे’ हे वाक्य मी छापतो. ते ज्या यंत्रावर छापले जाते त्याचा व्यवहारही सरळ असावा, असे त्या दिवशी मनापासून वाटले.

छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा दसऱ्याला घरी आला होता. त्याने आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उतरवून आणली. ‘मामा, आधी काही पुसायचं नाही. पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा, पटलं तर पुढचं बोलू,’ असे तो म्हणाला. संगणक सुरू होताना एफ १२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला, आणि दीड-दोन मिनिटांत डिस्कला हातही न लावता एक पूर्ण प्रणाली पडद्यावर उभी राहिली. वाय-फाय सापडले, आवाज आला, एक प्रिंटर आपोआप ओळखला गेला. रिकाम्या स्थितीत रॅम एक जीबीच्या आतच वापरली जात होती. ज्या यंत्राला सगळे जण म्हातारे म्हणत होते ते इतके हलके चालताना पाहून मला मोठा आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही.

बसवण्याची क्रिया सोपी गेली, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. आधी सगळा माल दोन वेगवेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवून घेतला. एक प्रत घरी ठेवली, एक केंद्रात. दोन्ही आय-३ संगणकांच्या जुन्या हार्ड डिस्क काढून २५६ जीबीच्या एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क, घातल्या, कारण यंत्राचा मंदपणा बराचसा त्या फिरत्या डिस्कमुळे होता. एका यंत्रावर काही दिवस विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवले होते आणि तिथे दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसे. लिनक्स यंत्राच्या अंतर्गत घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक समजून दाखवते. टर्मिनलमधील एका आज्ञेने ते जुळवता आले. दुसरे असे की विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ती प्रणाली पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपलेली राहते, आणि मग लिनक्स तिच्या विभागातील फायली फक्त वाचू देते, बदलू देत नाही. ती सोय बंद केल्यावर अडचण मिटली. वसुबारसेच्या आधी, तीन दिवसांत, दोन्ही यंत्रे तयार होती.

आणि मग ताईंनी पहिली जुनी फाइल उघडली.

ते २०११ मधील एक वाटणीपत्र होते. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, मध्येच डॉलरचे चिन्ह, कंस, स्वल्पविराम, उच्चारचिन्हे लावलेली परकी अक्षरे, असा ओळीच्या ओळी चिखल झालेला. ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तेच. बावीस वर्षांचे काम, भाच्याने मोजले तेव्हा ९,४०० च्या वर फायली भरल्या, आणि त्यांतील बहुतेक सगळ्या अशाच निघाल्या.

मी डीटीपीच्या धंद्यात इतकी वर्षे असूनही याचे कारण मला नीट ठाऊक नव्हते. आम्ही जे मराठी फाँट वापरत आलो, त्यांत संगणकाच्या लेखी मराठी कधी नव्हतीच. फाइलमध्ये साठत होती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक संख्या. फाँट फक्त त्या संख्येच्या जागी देवनागरी आकृती रेखाटत होता. तो फाँट बाजूला झाला की अक्षरावरचा मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फाँटमध्ये कोणत्या संख्येला कोणती आकृती हे वेगवेगळे ठरवलेले, त्यामुळे एका दुकानातील मजकूर दुसऱ्या दुकानात उघडत नसे, आणि आम्ही सगळे त्यालाच जगरहाटी समजत होतो. युनिकोड या जगभर मानल्या जाणाऱ्या सांकेतिक पद्धतीत असे नसते. तिथे ‘क’ चा स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि जगातील कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही फाँटमध्ये तो ‘क’ च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने इन्स्क्रिप्ट हा कळफलक आपल्या मानकात घेतला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण एक नवी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले; तीच पुढे लिनक्स झाली. म्हणजे मी केंद्र उघडले तेव्हा या तिन्ही गोष्टी बारा वर्षांच्या झालेल्या होत्या. आम्हाला त्या कोणी शिकवल्या नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

आमच्याच गावात संतकवी दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी कापडाच्या लांबलचक पासोडीवर शाईने लिहिले. त्यातील जे टिकले आहे ते देवनागरी जाणणारा माणूस आजही वाचू शकतो. माझे चौदा वर्षांपूर्वीचे वाटणीपत्र मलाच वाचता येत नव्हते. ही तुलना त्या दिवशी डोक्यात आली आणि अजून गेलेली नाही.

तात्पुरता उपाय लगेच सापडला. विकत घेतलेल्या जुन्या फाँटच्या फायली लिनक्सच्या फाँट फोल्डरमध्ये ठेवल्या की लिबरऑफिस या लेखनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुना मजकूर पूर्वीसारखा दिसू लागला आणि छापताही आला. पण त्यात एक अक्षर बदलायचे तर टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर हवे, आणि ते विंडोजसाठीच बनवलेले. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’ च्या मदतीने ते उघडले खरे. मात्र ते सॉफ्टवेअर कळा मध्येच पकडून बदलत असे आणि ही पकड वाइनच्या बाहेरच्या लिबरऑफिसपर्यंत पोहोचत नव्हती. दोन रात्री त्यावर घालवल्यावर मी ठरवले की आता मागे पाहायचे नाही. मजकूर युनिकोडमध्येच न्यायचा.

रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार उलट: जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल चुकली की ‘विनंती’ ची ‘िवनंती’ होते आणि ‘कार्यकर्ते’ चे ‘कायर्कतेर्’ होते. या चुका निदान डोळ्यांना खुपतात. न खुपणारी चूक चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’ ची होती. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द आमच्या अर्जांमध्ये प्रत्येक पानावर येतो आणि पहिल्या साधनाने तो सगळीकडे ‘शेतकर्यांच्या’ असा करून टाकला होता. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. पण ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत जो फरक आहे तो मराठीत अर्थाचा फरक आहे, आणि लग्नाच्या हिशोबाच्या कागदावर मानधन नेमके कोणाला दिले हे त्या अर्ध्या ‘र’ वर ठरते. भाच्याने प्रत्येक फाँटसाठी वेगळा तक्ता केला. मी एकेक आकृती पाहून तिच्यासमोर युनिकोडमधील अक्षर लिहून द्यायचो, तो ते पायथनच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये भरायचा. एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असले तर इंग्रजी शब्दांचीही निरर्थक देवनागरी होत असे. म्हणून मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला कोणता फाँट लावलेला आहे हे आधी तपासायचे आणि तो आमच्या जुन्या फाँटांपैकी असेल तरच त्या तुकड्याला हात लावायचा, असा नियम त्याने घातला. एका फाँटचा तक्ता निर्दोष व्हायला मला अकरा दिवस लागले. एकूण चार फाँट होते.

रूपांतराचे काम रात्रीचे होते. दिवसा समोर दुसरा प्रश्न असे, नवा मजकूर टंकलिखित कसा करायचा. ताई मूळच्या टाइपरायटरवर शिकलेल्या, रेमिंग्टनच्या पट्टीवर त्यांचा वेग मिनिटाला चाळीस शब्दांचा. लिनक्समध्ये कळफलक निवडून देणाऱ्या ‘आयबस’ च्या यादीत मराठीसाठी रेमिंग्टनचा पर्यायही दिसला, परंतु त्यातील काही जोडाक्षरे आणि चिन्हे त्यांच्या बोटांना माहीत असलेल्या जागी नव्हती, आणि अर्धी ओळखीची पट्टी ही पूर्ण अनोळखी पट्टीपेक्षा जास्त चुकवते. शेवटी दोघांनी इन्स्क्रिप्ट शिकायचे ठरवले. तिची मांडणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, आणि अल्पप्राण-महाप्राणाची जोडी एकाच कळेवर: ‘क’ च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’ वर ‘घ’, ‘त’ वर ‘थ’. ‘ल’ वर शिफ्ट दाबले की आपला ‘ळ’ मिळतो आणि ‘र’ वर शिफ्ट दाबले की तोच ‘ऱ’, ज्याने आम्हाला रूपांतरात इतके छळले. मराठी बोलताना तोंडाला जी लय असते, व्यंजन मग मात्रा, तीच लय दोन हातांना मिळते.

तरी पहिले पंधरा दिवस कठीण गेले. ‘भाऊ, डोक्याला कळतंय, पण बोटं ऐकत नाहीत,’ असे ताई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. बारा वर्षांत जमवलेले कौशल्य एका निर्णयाने कोणी काढून घ्यावे, असे त्यांना वाटले असणार, आणि तो निर्णय माझा होता. मी घाईची कामे स्वतःकडे घेतली, त्यांना रोज सकाळचा एक तास फक्त सरावाला दिला, आणि त्या महिन्यात गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ सांगण्याचा तोटा सोसला. पहिल्या आठवड्यात त्यांचा वेग मिनिटाला बारा शब्दांवर आला होता. डिसेंबरच्या अखेरीस तो अठ्ठावीसवर गेला, आणि आता पस्तिसाच्या आसपास आहे. अशा बदलात यंत्राची किंमत सगळे मोजतात, बोटांच्या या कष्टाची किंमत कोणी मोजत नाही. ती मोजूनच निर्णय घ्यावा, हे मी अनुभवाने सांगतो.

लिबरऑफिसशी जुळवून घेताना एक गोष्ट समजेपर्यंत मी बराच वैतागलो. फाँटचा आकार चौदा केला तरी काही शब्द बाराचेच राहत. त्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीसारख्या लिपींचा फाँट आणि देवनागरीसारख्या लिपींचा फाँट वेगवेगळे ठरवलेले असतात. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथे मराठी निवडली, आणि मूळ शैलीतच इंग्रजीला बारा व मराठीला चौदा असे एकदा ठरवून दिले, तेव्हापासून तो त्रास संपला.

मुद्रांक कागदाचे काम मात्र पूर्वीपेक्षा चांगले होऊ लागले. मुद्रांकाच्या पहिल्या पानाचा वरचा भाग छापील असतो, म्हणून मजकूर खालून सुरू करावा लागतो. पूर्वी आम्ही एंटरची कळ वीस-बावीस वेळा दाबून जागा सोडायचो, आणि नंतर कुठेतरी एक ओळ वाढली की सगळे घसरायचे. आता ‘पहिले पान’ नावाच्या पृष्ठशैलीला वरचा समास मोजून दिला आहे, पुढच्या पानांना नेहमीचा. मजकूर कितीही वाढो, पहिली ओळ जागेवरून हलत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाची बरीच कामे पाचशेच्या मुद्रांकावर गेली आहेत, तेव्हा एक पान वाया जाणे म्हणजे काय हे बाकड्यावर बसलेल्या शेतमजुराला विचारावे.

दुसऱ्या, जुन्या लेझर प्रिंटरने दमवले. त्याच्यासाठी कोण्या स्वयंसेवकाने लिहिलेला ड्रायव्हर मिळाला, तो घालायला दोन संध्याकाळी गेल्या, पण एक पान छापून तो थांबे. शेवटी तो प्रिंटर तिसऱ्या यंत्राला जोडला. हे तिसरे यंत्र म्हणजे परवान्यासह विंडोज ११ असलेला एक नवीन संगणक, जो मी डिसेंबरात घेतला. ते टाळता आले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बोटांचे ठसे घेणारे आमचे उपकरण, डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन आणि एका गिऱ्हाइकाचे टॅलीवरील हिशोबाचे काम यांच्यासाठी विंडोज लागते. लिनक्सने सगळे भागते असे सांगणाऱ्यांनी आमच्यासारख्या केंद्रात एक दिवस बसून पाहावे. पण तीन परवाने घेण्याऐवजी एक घेतला, आणि लोकांचा मजकूर आता त्या यंत्रावर राहत नाही.

लग्नपत्रिकांमध्येही थोडी माघार घ्यावी लागली. इंकस्केप या चित्ररेखाटनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडणी उत्तम होते आणि ‘मुक्त’, ‘बलू’ हे खुल्या परवान्याचे युनिकोड फाँट देखणे आहेत, परंतु जुन्या कंपन्यांकडे सजावटीच्या अक्षरांची जी श्रीमंती होती ती अजून तितकी इथे नाही. काही गिऱ्हाइके त्यामुळे दुसरीकडे गेली. ती परत आणण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

पेन ड्राइव्हचा अनुभव सांगायला हवा. जानेवारीत एक गुरुजी धावत आले; त्यांच्या पेन ड्राइव्हमधून सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका नाहीशा झाल्या होत्या आणि प्रत्येक फोल्डरच्या जागी फक्त शॉर्टकट उरले होते. हा जुना विषाणू आमच्या भागात शाळा आणि सेवा केंद्रांमधून अजून फिरतो. मी तो पेन ड्राइव्ह लिनक्सच्या यंत्राला लावला, तेव्हा शॉर्टकटच्या शेजारी एक बिननावाचा फोल्डर सरळ दिसत होता. विंडोजसाठी लावलेली ‘लपवा’ ही खूण इथे मानलीच जात नाही, आणि विषाणूचा प्रोग्रॅम इथे आपोआप चालत नाही. आत सातही प्रश्नपत्रिका जशाच्या तशा होत्या. आता कोणाचाही पेन ड्राइव्ह आला की तो आधी याच यंत्राला लागतो.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ९,४०० पैकी सहा हजारांच्या वर फायली युनिकोडमध्ये आल्या आहेत. उरलेल्यांत त्याच त्या अर्जांच्या प्रती पुष्कळ असाव्यात. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते तेव्हा मी शंभर-दोनशे घेतो आणि प्रत्येकीच्या निदान पहिल्या दहा ओळी डोळ्यांनी वाचतो.

गेल्या आठवड्यात ज्याचे वाटणीपत्र सगळ्यात आधी उघडले होते त्याच घरातील धाकटा भाऊ आला. त्याला त्याच कागदाच्या आधारे नवीन प्रतिज्ञापत्र करायचे होते. तो लोखंडी सावरगावच्या बाजूला शेतावर होता, पुन्हा गावात येण्याइतका वेळ नव्हता, म्हणून ताईंनी मसुद्याचा मजकूर तसाच त्याच्या मोबाइलवर पाठवला. पूर्वी असे करता येत नसे. पानाचा फोटो काढून पाठवायचो आणि तो कोणी नीट वाचत नसे. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. त्याने बांधावर बसून सगळा मजकूर वाचला होता आणि चौथ्या ओळीतील गट क्रमांक चुकला असल्याचे सांगत होता. २०११ च्या मूळ कागदातही तो तसाच चुकलेला होता. ताईंनी तो दुरुस्त केला, आणि मग मुद्रांक प्रिंटरमध्ये घातला.